गंजलेली एमजीबी घरच्या गॅरेजमध्ये: आधी सिल, मग बाकी सगळं

इंग्लंडात लेस्टरला राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी १९७२ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे बिनछपराची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतली आहे. गाडी एका शेतावरच्या शेडमध्ये बरीच वर्षं बंद उभी होती. इंजिन हाताने फिरतं, पण दाराखालचा पत्रा जागोजागी फुगलाय आणि ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसते. घराला लागून एकच गाडी मावेल एवढं गॅरेज आहे, वेल्डिंग अजून येत नाही. बेत असा की गाडी पूर्ण सुटी करायची, रिकामा सांगाडा सँडब्लास्टिंगला (वाळूचा मारा करून गंज काढायला) पाठवायचा आणि तो परत येईपर्यंत वेल्डिंग शिकून घ्यायचं. त्यांनी विचारलंय की हा क्रम बरोबर आहे का, घरी कितपत जमेल, की सरळ नवा बॉडीशेलच (तयार कोरा सांगाडा) घ्यावा?

मी कॉव्हेंट्रीच्या आसपास जुन्या ब्रिटिश गाड्यांचं पत्राकाम करत आलोय, आणि त्यात एमजीबी सर्वांत जास्त. त्या अनुभवावर सांगतो: क्रम उलटा आहे. गाडी सुटी करू नका. निदान दोन्ही बाजूंचे सिल, म्हणजे दाराखालच्या तुळया, नव्या होऊन दारं नीट लागेपर्यंत तरी नाही.

याचं कारण गाडीच्या रचनेत आहे. आधीच्या एमजीएला वेगळी चेसिस होती. बॉडी गंजली तरी खाली एक भक्कम चौकट उरायची. १९६२ साली आलेल्या एमजीबीत चेसिस नाही, पत्र्याचा सांगाडा हीच चेसिस. जीटी मॉडेलला निदान वर छप्पर आहे. रोडस्टरला तेही नाही. पुढची चाकं आणि मागची चाकं एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या कोनात धरून ठेवतात ते दोन सीटमधला, गिअरबॉक्सवरचा पत्र्याचा बोगदा आणि दोन बाजूंचे दोन सिल. सिल म्हणजे दाराखालून जाणारी पेटीसारखी बंद पोकळ तुळई. ती गंजली की गाडी मधून खचते. अशी कमजोर गाडी तुम्ही दारं काढून, इंजिन काढून, स्टँडवर ठेवून वरून ब्लास्टिंगला पाठवलीत, तर परत येईल तेव्हा गंज गेलेला असेल, पण मूळ आकार कुठे होता हे सांगणारी एकही खूण उरलेली नसेल. दार हेच तुमचं माप आहे. दाराच्या फटी जोवर डोळ्यांसमोर आहेत तोवर सांगाडा कुठे सरकलाय हे कळतं.

दुसरं कारण जागेचं. सुटी केलेली गाडी उभ्या गाडीच्या तिप्पट जागा खाते. खोक्यांत भरलेले भाग, फडताळावर काचा, माळ्यावर सीट, आणि मधोमध हलवता न येणारा सांगाडा. अर्धवट सोडून विकायला काढलेल्या ज्या गाड्या मी पाहिल्या, त्या बहुतेक याच टप्प्यावर थांबलेल्या होत्या. काम अवघड होतं म्हणून थांबल्या असं नाही. महिनोन्महिने राबूनही काहीच जुळताना दिसत नाही, आणि माणूस गॅरेजचं दार उघडायचं सोडतो. एक बाजू संपवली, दार लावलं, ते खट्कन बंद झालं, की पुढच्या बाजूला हात घालायचा हुरूप आपोआप येतो.

आता पहिला शनिवार कसा घालवायचा ते सांगतो. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी करा. दोन्ही दारांच्या पुढच्या-मागच्या फटी वर, मधे आणि खाली मोजून लिहून ठेवा, फोटो काढा. फट साधारण ४ ते ५ मिलिमीटर आणि वरपासून खालपर्यंत सारखी असेल तर नशीब चांगलं. मागची फट वर मिटलेली आणि खाली उघडलेली असेल, तर गाडी मधून खचलीय. मग दारं बंद ठेवून पुढचा भाग क्रॉसमेंबरखाली (पुढचं सस्पेन्शन धरणाऱ्या आडव्या तुळईखाली) जॅक लावून उचला आणि तीच फट पुन्हा मोजा. फट बदलली किंवा दार अडकायला लागलं, तर सिलमध्ये दम उरलेला नाही. दाराच्या पुढच्या तिकोनी काचेखाली पत्र्याला उभी चीर पडलीय का तेही पाहा. एमजीबीत ती सर्रास दिसते.

त्यानंतर लोहचुंबक आणि जुना स्क्रूड्रायव्हर घ्या. चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पुढच्या मडगार्डची चाकामागची खालची कड, सिलची दोन्ही टोकं, फ्लोअरखालून सिलला समांतर जाणारी कॅसल रेल, जॅक लावायची जागा, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं पुढचं माउंटिंग आणि सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या तपासा. १९७२च्या गाडीत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात आणि त्यांच्या पेट्या ॲसिडमुळे हमखास सडतात. पेट्रोलच्या टाकीचा वरचा पृष्ठभागही विसरू नका. टाकी आणि डिकीच्या तळामध्ये चिखल साठून टाकी वरून फुटते, खालून बघून काहीच कळत नाही.

बाहेरचा सिल गुळगुळीत आणि चकचकीत दिसला तरी खूश होऊ नका. या गाडीत सिल तीन थरांचा आहे: बाहेरचा सिल, आतला सिल, आणि मधे उभा पत्रा, ज्याला इथले लोक मेंब्रेन म्हणतात. खरी ताकद या मधल्या पत्र्यात आहे आणि तो बाहेरून दिसतच नाही.

सिल कापला की काय दिसतं ते एकदा नजरेसमोर आणा. दाराच्या उंबऱ्याखाली १ मिलिमीटरच्या डिस्कने सरळ रेघ मारली, खाली दुसरी, आणि पत्रा बाहेर ओढला. बाहेरून लाल रंग शाबूत. आतल्या बाजूने तपकिरी पापुद्रे हातात येतात, बोटाने दाबले की चुरा होतो. तळाशी चार बोटं उंचीपर्यंत वाळलेला, दाबून बसलेला चिखल, त्यात रस्त्यावरची खडी. तो खरवडून काढला की मेंब्रेनची खालची कड असायला हवी, तिथे काहीच नसतं. एकदा एका गृहस्थांनी नुकतीच घेतलेली गाडी आणली. नव्या सिलची पावती होती, वर ताजा रंग. कापल्यावर एकाखाली एक तीन सिल निघाले. प्रत्येक वेळी जुन्यावर नवं झाकण चढवून कडेने वेल्डिंग केलेलं, आणि दोन थरांमध्ये पाणी साचलेलं. ज्या वर्कशॉपने हे केलं त्यांनी पूर्ण सिलचे पैसे घेतले होते. त्या गाडीत बसून कुणी तरी ताशी ७० मैलांनी मोटरवेवर जात होतं, हे आठवलं की आजही संताप येतो. असं झाकण तुम्ही लावू नका, आणि कुणी स्वस्तात लावून देतो म्हणालं तर गाडी त्याच्याकडे सोडू नका.

हा गंज येतो कुठून, हे कळलं तर पुढचं काम नीट होईल. कोकणातल्या गाडीला खारी हवा खाते. इथे मीठ रस्त्यावरून येतं. हिवाळ्यात बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, पुढचं चाक तो खारा चिखल मडगार्डच्या मागच्या पोकळीत फेकतं आणि तो तिथेच बसून राहतो. दोन पत्रे जिथे स्पॉट वेल्डने जोडले आहेत तिथे मधे रंग कधी पोचलेलाच नसतो. त्या बारीक फटीत पाणी आपसूक ओढलं जातं आणि वाळत नाही. म्हणून गंज मोकळ्या पृष्ठभागावर कमी आणि सांध्यांत जास्त असतो. त्यात काचेखालच्या हवेच्या पेटीची पाणी काढणारी नळी पानापाचोळ्याने तुंबली की पाणी आत, पायाखाली उतरतं. तुमच्या फ्लोअरचं भोक बहुधा तिथलंच.

काम सुरू करताना गाडीचं वजन जिथे सस्पेन्शन पेलतं तिथेच द्या: मागे ॲक्सलखाली स्टँड, पुढे क्रॉसमेंबरखाली. चारही बाजूंनी लेव्हल तपासा. दाराच्या पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी पाइपचा आडवा आधार द्या, आणि तो आतल्या बाजूने द्या, म्हणजे दार लावता-काढता येईल. इंजिन-गिअरबॉक्स जागेवर असू द्या. सीट, गालिचे, खालचा नमदा, टाकी, बॅटरी आणि वेल्डिंगच्या जवळची वायरिंग मात्र बाहेर काढा. एका वेळी एकच बाजू उघडायची. दुसरी बाजू कितीही कुजलेली असली तरी तोवर तिला हात लावायचा नाही.

पुढचं मडगार्ड बोल्टने बसवलेलं आहे, ते काढता येतं. काही बोल्टसाठी डॅशबोर्डच्या मागून हात घालावा लागतो आणि ते सुटायला वेळ लागतो, म्हणून आदल्या दिवशीच तेल सोडून ठेवा. मागचं मडगार्ड वेल्ड केलेलं आहे आणि सिलचं मागचं टोक त्याच्या खाली लपलेलं आहे. तिथे मडगार्डची खालची पुढची पट्टी कापल्याशिवाय पूर्ण सिल बदलताच येत नाही. पुष्कळ जण इथे कंटाळून सिल मडगार्डपाशीच कापतात आणि टोकाचा सडका भाग तसाच ठेवतात. नेमकं तिथून जवळच पाट्याचं माउंटिंग आहे. कापा, आणि नंतर तेवढा तुकडा नवा बसवा. तो बाजारात मिळतो.

आधी कॅसल रेल आणि फ्लोअरची कड, मग मेंब्रेन, सगळ्यात शेवटी बाहेरचा सिल. नवा पत्रा पेटीतून काढला की जागेवर बसेल असं समजू नका. क्लँप लावा, काढा, कानस मारा, पुन्हा लावा. मेंब्रेन क्लँपवर असतानाच दार लटकवा, पुढचं मडगार्ड चार बोल्टांवर टांगा आणि फटी बघा. बरोबर वाटल्या तर वेल्डिंगचे छोटे टाके मारा. पुन्हा दार बंद करून बघा. मगच सलग वेल्डिंग. दार बसवण्या-काढण्याचा हा कंटाळा ज्याने केला नाही, त्याला नंतर बिजागऱ्या वाकवून फटी जुळवाव्या लागतात आणि त्या कधीच जुळत नाहीत.

वेल्डिंग घरी जमेल. गॅसवर चालणारं लहान मिग मशीन, ०.६ मिलिमीटरची वायर, आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. बिनगॅसच्या वायरने पातळ पत्र्याला भोकं पडतात, त्या वाटेला जाऊ नका. जवळच्या कॉलेजात संध्याकाळचा कोर्स मिळाला तर जरूर करा. बाहेरचे पत्रे साधारण ०.९ मिलिमीटर आणि आतले भार पेलणारे १.२च्या आसपास, तेव्हा सराव त्याच जाडीच्या भंगारावर करा. मशीन नीट लागलं की फोडणीत मोहरी तडतडावी तसा सलग, एकसारखा आवाज येतो. फटफट आवाज आला तर वायरचा वेग आणि करंट जुळलेले नाहीत. जिथे कारखान्यात स्पॉट वेल्ड होता तिथे वरच्या पत्र्याला ६ ते ८ मिलिमीटरचं भोक पाडून ते भरून घ्यायचं. सरावाचा तुकडा जोडून झाला की शिकंजात धरून छिन्नीने उचकटा. पत्रा फाटून जोड शाबूत राहिला तर तो पक्का. जोड टिकलीसारखा अलगद सुटून आला तर तो फक्त वरून चिकटला होता, आणि असा जोड सिलमध्ये असेल तर रंगाखाली कुणालाच दिसणार नाही. हा प्रयोग सलग चांगला येत नाही तोवर गाडीला हात लावू नका. लांब सांध्यावर एकीकडून दुसरीकडे सलग जाऊ नका. थोडं इथे, थोडं तिथे, आणि मधे हात लावता येईल इतकं थंड होऊ द्या. नाहीतर पत्रा लाटेसारखा होतो.

चाळीस वर्षांवरच्या, मूळ रचना न बदललेल्या गाड्यांना इथे मे २०१८पासून एमओटीची, म्हणजे दरवर्षीच्या सरकारी तपासणीची, सक्ती नाही. पण गाडी रस्त्यावर सुरक्षित असण्याची जबाबदारी तुमची आहेच, आणि एमओटीचा नियम कामाला मापदंड म्हणून उत्तम आहे: सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट यांच्या माउंटिंगपासून ३० सेंटिमीटरच्या आत कुजलेला पत्रा चालत नाही, आणि ठिगळ असेल तर कडेने सलग वेल्ड हवा. काम संपल्यावर स्वेच्छेने एमओटी करून घ्याच. दुसऱ्याची नजर गाडीखालून फिरली पाहिजे.

आता जे सांगतोय ते वगळून पुढे जाऊ नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जायचं नाही, क्षणभरही नाही. वेल्डिंग करताना पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते आधी बघा; गाडीच्या तळाला फासलेलं जुनं डांबरी अंडरसील पेट घेऊन थेंबथेंब गळतं आणि खाली पडलेलं फडकं पेटतं. आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा आणि शेवटच्या टाक्यानंतर तासभर तरी गॅरेज सोडू नका. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करू नका. त्यातून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो. जस्त चढवलेला पत्रा वेल्ड करताना धुराने थंडी-ताप भरतो, म्हणून दार उघडं, योग्य मास्क तोंडावर आणि सांध्यावरचं जस्त आधी घासून काढलेलं. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस; कोरडी धूळ उडवू नका, हवेने तर मुळीच नाही.

सँडब्लास्टिंगविषयी. ते चांगलं आहे, पण जागा बघून. ॲक्सल, क्रॉसमेंबर, ब्रॅकेट खुशाल पाठवा. बॉनेट, दारं, डिकीचं झाकण असे मोठे सपाट पत्रे वाळूच्या माऱ्याने ताणले जातात आणि पुन्हा सरळ होत नाहीत. तिथे पेंट रिमूव्हर आणि हाताचे कष्ट. लहान भागांसाठी घरी इलेक्ट्रोलिसिस उत्तम: प्लास्टिकची बादली, पाण्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची ऋण बाजू भागाला आणि धन बाजू साध्या लोखंडाच्या तुकड्याला. स्टेनलेसचा तुकडा वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर करायचं.

उघडा पत्रा त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमरने झाका. साधा प्रायमर पाणी अडवत नाही. नव्या पत्र्यावर जो काळा थर येतो तो थिनरच्या फडक्याने पुसून बघा. निघाला तर तो फक्त वाहतुकीपुरता होता, पूर्ण काढा. सांधे सीलरने भरा. लांबी एपॉक्सीवर, पातळ, दोन-तीन मिलिमीटरच्या आत. त्याहून जास्त लागत असेल तर ठोकाकाम अपुरं आहे. शेवटचा टू-पॅक (हार्डनर मिसळून मारायचा) रंग मात्र घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साधा मास्क ते अडवत नाही आणि त्याने कायमचा दमा जडतो. ताजी हवा पुरवणारा मास्क आणि बूथ ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे द्या. घासून, सरळ करून, प्रायमरपर्यंत तयार करून दिलीत तर रंगाचा खर्चही बराच उतरतो.

इंजिनची काळजी आत्ता करू नका. १७९८ सीसीचं हे बी-सीरिज इंजिन साधं आणि सोशीक आहे, भाग सगळे मिळतात. स्पार्क प्लगच्या भोकातून थोडं तेल सोडून हाताने फिरवत राहा, काढण्याआधी कॉम्प्रेशन मोजून ठेवा. ब्रेकचे सिलिंडर, होस, पाइप सगळे नवे घाला. तिथे वाचवावाचवी नको. पेट्रोलच्या रबरी नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या घ्या, कारण सप्टेंबर २०२१पासून इथलं साधं पेट्रोल ई-१०, म्हणजे १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं, आहे. गाडीत शक्यतो ई-५ भरा.

नव्या बॉडीशेलचा प्रश्न. ब्रिटिश मोटर हेरिटेज १९८८पासून मूळ साच्यांवर एमजीबीचे शेल बनवतं आणि ते चांगले असतात. पण किंमत दहा हजार पौंडांच्या पुढे जाते, वर रंग आणि जुळणी आहेच. तयार, फिरती एमजीबी बऱ्याचदा एवढ्या एकूण खर्चापेक्षा स्वस्त मिळते. पाच लाखांहून जास्त बनलेली ही गाडी आहे, दुर्मीळ नाही. माझा निकष असा: सिल, फ्लोअर, कॅसल रेल, मडगार्डच्या कडा गेल्या असतील तर दुरुस्ती करा. त्याबरोबर पुढच्या सस्पेन्शनची माउंटिंग, बल्कहेड (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधली पत्र्याची भिंत) आणि मागचे चेसिस रेलही गेले असतील, किंवा अपघाताने सांगाडा वळलेला असेल, तर शेलचा विचार करा, आणि शेल घेण्याआधी कागदपत्रांबाबत डीव्हीएलएला (इथल्या वाहन नोंदणी खात्याला) विचारा. तुमच्या वर्णनावरून गाडी पहिल्या प्रकारातली वाटते.

रंग पूर्ण सुकल्यावर पोकळ्यांमध्ये मेण सोडायचं, आणि हे काम उन्हाळ्यातल्या गरम दिवशी करायचं, म्हणजे मेण पातळ राहून सांध्यांत शिरतं. लांब नळीने सिलच्या दोन्ही टोकांपर्यंत, मेंब्रेनच्या दोन्ही अंगांना, दारांच्या तळाला, कॅसल रेलमध्ये. खालच्या निचऱ्याच्या भोकांतून मेण गळायला लागलं की आत पोचलं असं समजा. गळून थांबलं की प्रत्येक भोकात तार घालून ते मोकळं आहे ना पाहा. तुंबलेल्या भोकामागे पाणी साचलं तर नवा सिलही काही वर्षांत जुन्यासारखाच होईल. दर दोन-तीन उन्हाळ्यांनी पुन्हा मेण सोडा, आणि मीठ टाकलेल्या रस्त्यावर गाडी न्यावीच लागली तर त्याच आठवड्यात मडगार्डच्या आतून, चाकामागच्या पोकळीत पाइप घालून धुऊन काढा.